नऊचं बटण

सकाळी दहा वाजता पाणी सातव्या पायरीवर होतं. अकराला आठवी बुडाली.

नेमिनाथ मगदूम सरांनी वहीत वेळ लिहिली, पुढं पायरीचा आकडा लिहिला आणि पेन खिशाला लावलं. बत्तीस वर्षं टेक्निकल शाळेत पोरांना रेडिओ जोडायला शिकवलेल्या माणसाला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. शाहूपुरीत नाल्याच्या अंगाला त्यांचं घर. जिना बाहेरून, सोळा पायऱ्यांचा. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं तीन रेघा ओढल्या होत्या. खालची २००५ ची, चौथ्या पायरीला. मधली २०१९ ची, नवव्या पायरीला. सगळ्यांत वरची २०२१ ची, दहाव्या पायरीच्या कडेला टेकलेली. महापूर उतरला, चिखल धुऊन झाला, की रेघ ओढायची. गल्लीत बऱ्याच भिंतींवर अशा रेघा होत्या, आणि आलेल्या पावण्याला चहाच्या आधी त्या दाखवायची रीतच पडून गेली होती.

"दहाच्या वर येत नाही," वर येऊन सर म्हणाले.

पद्मावतीबाई खिडकीशी बसून मटकी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाण्याला ती रेघ वाचायला येती व्हय?"

नातीनं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. सोनल बारा वर्षांची. तिचे आईवडील वारणानगरला, बाप अनेकांत, सरांचा मुलगा, तिथं डेअरीत नोकरीला. चार दिवस आजीआजोबांकडं राहायला म्हणून आली आणि अडकली. काल दुपारी वीज गेली, रात्री रस्ता गेला. शेजारची तिन्ही घरं कालच रिकामी झाली होती. आता खिडकीतून दिसायचं ते फक्त मातकट पाणी, त्यातून डोकं काढलेले विजेचे खांब, आणि समोरच्या गच्चीवर एकटं फिरणारं कुत्रं. ते मधेच थांबून या घराकडं बघायचं आणि पुन्हा फेऱ्या मारायचं.

सरांनी घर सोडलं नव्हतं, त्याला कारण होतं. २०१९ ला ते बोटीत बसून गेले होते. सोळा दिवस एका शाळेच्या हॉलमध्ये, फरशीवर सतरंजी टाकून काढले. गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवण आवरणाऱ्या पद्मावतीबाई तिथं ताटात पडेल ते, पडेल तेव्हा खात होत्या. परत आल्यावर त्या चिखलात उभ्या राहून रडल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा असं घर सोडून जायचं न्हाय." सरांनी ते वाक्य मनात कोरून ठेवलं. वर टाकी बसवली, इन्व्हर्टर आणला, गॅसचं जादा सिलिंडर, महिन्याचं धान्य. २०२१ ला ते वरच राहिले. पाणी आलं, दहाव्या पायरीला टेकलं आणि आल्या वाटेनं गेलं. तेव्हापासून सरांना वाटायचं, आपण पुराला हिशेबात पकडलंय.

या वेळी एकच गोष्ट हिशेबात बसत नव्हती. बाईंच्या इन्सुलिनची नवीन दोन पेनं फ्रिजच्या दारात होती आणि फ्रिज खाली पाण्यात होता. काल घाईघाईनं सामान वर चढवताना सरांनी आधी उचलला तो त्यांचा जुना कॉम्प्युटरचा खोका. पेनं राहून गेली. वापरातलं एक पेन ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या माठात ठेवलं होतं. त्यात आजची रात्र आणि उद्याची सकाळ, एवढंच औषध होतं. बाई त्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या नाहीत, हेच सरांना टोचत होतं.

साडेअकराच्या सुमाराला खालून हाक आली. "सर! ओ मगदूम सर!"

रबरी बोट जिन्याला लागली होती. पुढं राजवीर उभा होता. पंचेचाळिशीचा गडी, मिशीत पांढरं आलेलं, अंगावर नारिंगी जाकीट. कधीकाळी सरांचा विद्यार्थी. आता दर पुराला तालमीची पोरं घेऊन लोकं काढायला उतरायचा.

"चला की आता. किती बघायचं पाण्याकडं?"

"आम्ही बरे आहोत रे. दहाच्या वर येत नाही."

"राधानगरीचं पाच दरवाजे उघडल्यात, सर."

"दुपारपर्यंत दोन बंद होतील."

"कुणी सांगितलं?"

"अंदाज आहे माझा."

राजवीरनं मागच्या पोराकडं बघितलं. "ऐकलंस? सरांचा अंदाज हाय. धरणाला कळवाय पायजे." मग आवाज खाली आणला. "सर, चेष्टा न्हाय. नाल्याच्या तोंडाला पाण्याला ओढ लागायलीया. चारला ह्या बाजूची शेवटची फेरी. त्यानंतर हिकडं बोट घालायची न्हाय असं सांगितलंय आमाला. उद्याचं मी बोलत न्हाय."

"मग चारला येताना इन्सुलिनचं पेन तेवढं आण. चिठ्ठी देतो."

"मी दुकानाम्होरं रांगंत उभा ऱ्हाऊ का लोकं काढू? आज्जींना घेऊन बोटीत बसा. दवाखान्यात सोडतो, तितं सगळं मिळतंय."

सर जिन्यावरच उभे राहिले. राजवीरनं वल्ह्यानं बोट जिन्यापासून ढकलली. मग काहीतरी आठवून मागं वळून ओरडला, "सर, त्यो तुमचा तळ अजून हाय काय? कॉम्प्युटरवरचा? मी चौदाव्या फेरीला मेलतो. वर कान पिळलासा, चिकटपट्टी काढली म्हणून!"

बोट कोपऱ्यावरून वळली. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटत आपटत विरून गेला आणि पुन्हा ती शांतता आली, पाणी भिंतीला चाटत राहिल्याची.

"आजोबा, कसला तळ?" सोनलनं विचारलं.

कालपासून पहिल्यांदाच ती काहीतरी विचारत होती. बाबाच्या फोनसाठी बॅटरी राखून ठेवायची म्हणून मोबाइल तिच्याकडून काढून घेतला होता, आणि तेव्हापासून ती गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. सरांनी खोका ओढला. आतून वहीएवढं काळं यंत्र निघालं, रबराच्या बटणांचं.

"हा कॉम्प्युटर? ह्याला स्क्रीन कुठंय?"

"टीव्हीला जोडायचा. शहाऐंशी साली घेतला. गडहिंग्लजच्या एका मित्राचा भाऊ आखातात होता, त्यानं आणला. तुझ्या मोबाइलात आहे त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढी सुद्धा जागा नाही ह्याच्यात. पण अंतराळातला एक अख्खा तळ मावायचा."

नऊच्या बटणावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. सोनलनं त्यावरून बोट फिरवलं.

"चालू करू या?"

"वीज कुठाय? इन्व्हर्टर रात्रीच संपला. आणि वीज असली तरी तो आता उठायचा नाही." तिचा चेहरा पडलेला बघून सरांनी खोक्याच्या तळातून एक जाड वही काढली. "पण गेम ह्याच्यात आहे. नव्वद ओळी, आकडे दहा-दहाच्या उडीनं, दहा ते नऊशे. माझा मित्र जोतीराम, त्यानं परदेशी मासिकातून उतरवून घेतल्या. तो वाचायचा, मी बटणं दाबायचा. तीन रविवार लागले. अर्थाकडं कुणाचं लक्ष होतं? एक स्वल्पविराम चुकला की सगळं बसायचं."

"वही कशी खेळणार?"

"कॉम्प्युटर काय करतो? एकेक ओळ वाचतो आणि तसं करतो. ते मलाही येतं. आज मी कॉम्प्युटर. तू तळाची सेनापती."

बाई मटकीतून म्हणाल्या, "आदीच काय कमी हाय व्हय यंत्र? साठ वर्षं झाली, सांगंल तसं एकदा बी केलं न्हाय."

सरांनी पाटीवर खडूनं सहा बाजूंचा तळ काढला. प्रत्येक बाजूला एक खोली, प्रत्येक खोलीत दोन मटकीचे दाणे. ही माणसं, एकंदर बारा. शत्रूची यानं म्हणजे चिंचोके. कॉम्प्युटर मनानं आकडा काढतो, त्या जागी सापशिडीचा फासा. दर फेरीला दहा शक्ती मिळणार, ती कवच, तोफा आणि हवा यांत वाटायची. कवच फुटलं की ती खोली गेली, आतली माणसं गेली आणि पुढच्या फेरीपासून दोन शक्ती कमी.

"आणि एक नियम," सर म्हणाले. "कॉम्प्युटर वाद घालत नाही. तू जो आकडा सांगशील, त्या आकड्याची ओळ मी उघडणार. चुकलीस तरी सांगणार नाही. तशीच शिकतात मुलं."

"जिंकायचं कसं?"

"टिकायचं. कुणी चौदाव्या फेरीच्या पुढं गेलं नाही अजून. मीसुद्धा."

खेळ सुरू झाला. पहिल्या दोन फेऱ्यांत सोनलनं सगळी शक्ती तोफांना दिली आणि हवा संपत आली. सर गप्प बसले. तिसऱ्या फेरीला तिचं तिला समजलं. चौथीला ती फासा पडायच्या आधी चिंचोके मोजायला लागली. सर बोट ठेवून ओळ वाचत, पेन्सिलीनं बेरीज करत, "ओळ चारशे वीस, शत्रू दोन पावलं पुढं" असं सपाट आवाजात सांगत. बाई मधेच "डाव्या अंगाला बघ की गं" म्हणून गेल्या आणि कॉम्प्युटरनं त्यांच्याकडं रागानं बघितलं.

दर फेरीनंतर सर उठून जिन्यावर जात. साडेबाराला नववी पायरी ओली झाली. दीडला नववी दिसेना. जाताना ते ताठ जायचे, येताना कठड्याला धरून यायचे. वहीत आकडा लिहायचे आणि पुन्हा बसायचे. तिघांनी आमटीभात खाल्ला. अनेकांतचा फोन आला. आवाज तुटत होता. "बाबा, वडगावपासून पुढं सोडत नाहीत... बोट येते का? बोटीत बसा..." सर म्हणाले, "बघतो," आणि फोन बंद करून ठेवला.

अडीच वाजता पाणी दहाव्या पायरीला लागलं. रेघेला टेकलं. सर अर्धा तास तिथंच उभे राहिले. इथूनच ते मागं फिरलं होतं मागच्या वेळी, इथूनच. एक काडी तरंगत आली आणि रेघेवर अडकली. सर त्या काडीकडं बघत राहिले. मग काडी हलली आणि रेघेच्या वर भिंतीला घासत पुढं निघून गेली.

वर आल्यावर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तेवढंच आहे."

बाईंनी त्यांच्या धोतराकडं बघितलं. काठ वीतभर भिजला होता. त्यांनी मटकीची परात बाजूला ठेवली आणि माठातलं पेन काढून उजेडात धरलं. त्यातलं औषध बघितलं, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलं.

"अकरावी फेरी," सर म्हणाले. आवाज कॉम्प्युटरचा राहिला नव्हता.

पाटीवर सोनलच्या तीन बाजू पुसल्या गेल्या होत्या. पण एकेक खोली फुटायच्या आत तिनं तिथली माणसं शेजारच्या खोलीत हलवली होती, अगदी आठव्या फेरीपासून. चाळीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. पहिल्या खोलीतले दोन आणि हवा कमी पडून एक, एवढेच दाणे गेले होते; नऊ शिल्लक होते. शक्ती चार. समोर सात चिंचोके.

ती बराच वेळ पाटीकडं बघत होती. मग खिडकीबाहेर बघितलं. कुत्रं आता फिरत नव्हतं, गच्चीच्या टाकीवर चढून बसलं होतं.

"नऊ," ती म्हणाली.

"काय?"

"नऊ नंबर. वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. एक कवच, दोन तोफा, तीन हवा, चार माणसं हलवा, आणि नऊ, तळ सोडा."

"नऊ दाबायचं नाही."

"का?"

"नऊ म्हणजे पळ. मी शेकडो मुलांना खेळवलंय, एकालाही नऊ दाबू दिलं नाही. म्हणून तर ती चिकटपट्टी. संकट आलं की पळायचं, हे शिकवायचं का मुलांना?"

"पण आजोबा, कॉम्प्युटर वाद घालत नाही."

नियम त्यांचाच होता. मुलांना दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता, आणि आता बारा वर्षांची पोरगी त्यांच्याकडं टक लावून बघत होती. तिचा खालचा ओठ थरथरत होता. गेमसाठी कुणी असं थरथरत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांनी बोट वहीवर ठेवलं. "ओळ एकशे नव्वद. नऊ असेल तर जा आठशे चाळीसवर." पानं उलटली. आठशे चाळीस शेवटून दुसऱ्या पानावर होती. जोतीरामचं बारीक, उजवीकडं कललेलं अक्षर. ही ओळ सरांनी स्वतःच्या बोटांनी यंत्रात घातली होती, आणि त्यानंतर एकदाही ती चालली नव्हती. त्यांना ती जशी काही पहिल्यांदाच दिसत होती.

"आठशे चाळीस," त्यांनी वाचलं. "शक्ती चारपेक्षा कमी असेल, तर यान उठत नाही. खेळ संपला."

"माझी चार आहे."

"चार आहे. आणखी एक खोली गेली असती तर दोन झाली असती." त्यांचं बोट खाली सरकलं. "आठशे पन्नास. वाचलेली माणसं गुणिले फेरी गुणिले दहा. हे गुण." त्यांनी पेन्सिल घेतली. गुणाकार एका नजरेत होण्यासारखा होता, तरी त्यांनी तो मांडून केला. "नऊशे नव्वद."

"चांगले आहेत?"

"माझे सगळ्यांत जास्त एकशे चाळीस. तळावर मेलं की फेरीला दहा मिळतात, बस्स."

पुढं एक ओळ होती, पडद्यावर उमटायची. इंग्रजीतली. सरांनी ती मनात वाचली. पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

सरांनी मराठीत सांगितलं. "तळ गेला. माणसं वाचली. सेनापती, काम हेच होतं."

सरांना एकेक पोर आठवायला लागलं. दर रविवारी खालच्या खोलीत सतरंजीवर बसून, काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर श्वास रोखून चौदाव्या फेरीला मरणारी पोरं. आणि मागं उभे राहून "शाब्बास, शेवटपर्यंत टिकलास" म्हणणारे आपण. एकानं फक्त चिकटपट्टी उचकटली होती आणि त्याचा कान लाल केला होता.

"मी चुकीचं शिकवलं," ते म्हणाले.

"ते जाऊ दे," बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "मला सांगा, तुमी इथं कुणासाठी बसलाय?"

"तूच म्हणाली होतीस. पुन्हा घर सोडायचं नाही."

"तवा म्हटलंतं ते तवाचं. फरशीवर झोपून कंबर मोडलीती, म्हणून म्हटलं. आता कंबर मोडली तर मोडू दे. पोरगी कालपासनं जेवली न्हाय धड. आणि माझ्या पेनात उद्याचं दुपारचं औषद न्हाय, ते बी तुमास्नी ठावं हाय. मी बोलायची वाट बघत होता व्हय?"

सर उठले. जिन्यावर गेले. अकरावी पायरी दिसत नव्हती. त्यांनी सवयीनं भिंतीवर रेघ शोधली. तिन्ही रेघा पाण्याखाली होत्या, आणि वर नुसती कोरी भिंत. तिच्यावर कुठलाच आकडा नव्हता. पाणी आता चाटत नव्हतं, ओढत होतं. खालच्या खोलीत काहीतरी जड सुटून भिंतीवर आदळलं. कपाट असेल.

साडेतीन वाजले होते. बोटीचा आवाज कुठंच नव्हता.

तो पाऊण तास त्या घरानं बघितलेला सगळ्यांत लांब पाऊण तास होता. पेन माठातून काढून डब्यात घातलं, डबा पद्मावतीबाईंच्या पिशवीत. सोनलनं चपला प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. खोका शेजारी घेऊन तिघं जिन्याच्या वरच्या टोकाला बसली. बारावी पायरी गेली. चार वाजले. चार वाजून दहा मिनिटं झाली. सरांनी मोबाइल चालू करून राजवीरचा नंबर शोधला आणि लक्षात आलं, तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता. बोट येईल तेव्हा येईल, नाही म्हणायचं काम आपलं, असंच चाललं होतं. बाईंनी एका हातानं नातीला धरलं होतं आणि त्या ओठांत णमोकार मंत्र पुटपुटत होत्या.

सव्वाचार वाजता कोपऱ्यावर नारिंगी रंग दिसला. बोट तिरकी येत होती, दोन पोरं वल्ह्यांनी भिंतींना रेटत होती.

"येताय काय न्हाय, ते लांबनंच सांगा!" राजवीर ओरडला. "थांबाय येत न्हाय!"

"येतोय!" सरांचा आवाज फाटला. "आधी ह्या दोघींना घे!"

सोनलला उचललं, मग बाईंना. सर शेवटी उतरले. पाय बोटीत पडला तशी बोट गचकन खाली बसली. मागं वर जिन्याच्या तोंडाशी खोका तसाच राहिला होता. सोनलनं वळून बघितलं.

"आजोबा, कॉम्प्युटर!"

"राहू दे."

बोट गल्लीच्या मधोमध आली. समोरच्या गच्चीच्या टाकीवरून कुत्र्यानं उडी मारली आणि एका पोरानं त्याच्या मानगुटीला धरून आत ओढलं. ते अंग झाडत सरांच्या पायाशी बसलं.

"राजवीर," सर म्हणाले.

"बोला."

"नऊ दाबायचं होतं रे."

राजवीरला कळायला थोडा वेळ लागला. पण तो हसला नाही. पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "मला तवाच वाटलंतं. पर तुमी कान असला पिळलासा, परत हिंमत झाली न्हाय."

"चुकलं माझं."

"असू दे की, सर. आलासा न्हवं."

बोट कोपऱ्यावर पोचली. उजवीकडं मोठा रस्ता, तिकडं पाणी संथ होतं. डावीकडं नाल्याचं तोंड. तिथं एका दुमजली घराच्या वरच्या खिडकीत कंदिलाचा उजेड दिसत होता, भर दिवसा.

"तिथं कोण आहे?" सरांनी विचारलं.

"धोंडुबाई हाईत, आणि त्यांचा ल्योक विजयसिंह. तीनदा जाऊन आलो. येत न्हाय म्हणत्यात. भिंतीवर रेघ हाय म्हणं तेंच्या बी."

सरांनी बोटीची दोरी घट्ट धरली. "बोट तिकडं जाईल?"

"एकदा जाईल. पर ऐकणार हाईत का ती लोकं?"

"मला बोलू दे," सर म्हणाले. "चल, घे डावीकडं."